शिर, पाय आणि शिक्का

वापीच्या रेल्वे स्थानकावर उतरून सिल्वासाच्या वाटेला लागलेला प्रवासी अवघ्या पंधरा-वीस किलोमीटरांच्या अंतरात किती वेळा एका अंमलातून दुसऱ्या अंमलात शिरतो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. गुजरातेतल्या वलसाड जिल्ह्यातून निघालेला रस्ता दादरामध्ये येतो, दादरा मागे टाकून पुन्हा गुजरातच्या एका चिंचोळ्या पट्टीतून जातो आणि मग कोठे नगर हवेलीची हद्द सुरू होते. त्या नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचे गाव आहे ते पुन्हा गुजरातचे, आणि दक्षिणेकडे काही कोसांवर महाराष्ट्राचा पालघर जिल्हा आपल्या तलासरी, डहाणू, जव्हार या तालुक्यांसह पसरलेला आहे. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यापासून या मुलखाच्या नशिबी हा तुकड्यातुकड्यांचा नकाशा आला. १९५४ साली स्वयंसेवकांनी तो मुक्त केला, १९६१ मध्ये तो रीतसर भारतात विलीन झाला, २०२० मध्ये दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. पण ४९१ चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशाच्या सीमारेषा मात्र जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. न्यायदान मुंबई उच्च न्यायालयाकडे, बाजारहाट वापीकडे, सोयरीक तलासरी-जव्हारकडे आणि कारभार थेट केंद्राकडे, असा हा चमत्कारिक संसार आहे.

माणसाने आपल्या सोयीगैरसोयीप्रमाणे या सीमा अंगवळणी पाडून घेतल्या. गुरांना आणि गुरांच्या रोगांना मात्र त्या कधीच मान्य नव्हत्या. तलासरीच्या पाड्यावर वाढलेला बोकड सिल्वासातल्या दुकानात कापला जाऊ शकतो, त्याचे कातडे तिसरीकडेच जाऊ शकते, आणि त्याच्या अंगावरची गोचीड यांपैकी कोठेही गळून पडू शकते. ही निव्वळ कल्पना नव्हे. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या रुग्णाच्या निमित्ताने क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा ओळखला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले तेव्हा त्या रुग्णावर उपचार करणाऱ्यांनाही त्याची लागण झाल्याचे उघड झाले. हा विषाणू गुराढोरांच्या अंगावरच्या गोचिडांतून येतो. गुराला त्याचा फारसा उपद्रव होत नाही, परंतु गोचीड चिरडणाऱ्या गुराख्याला आणि ताज्या रक्तात हात घालणाऱ्या खाटकाला तो प्राणघातक ठरू शकतो. पुढे २०२० च्या सप्टेंबरात गुजरातेतल्या रुग्णांची वार्ता आली तेव्हा पालघर जिल्ह्याच्या प्रशासनाने खबरदारीचा हुकूम काढला, तो याच भीतीने. पालघर आणि गुजरात यांच्या मधोमध सिल्वासा आहे. तेव्हा मांसपरीक्षण आणि पशुरोगनियंत्रण हा विषय समजून घ्यायचा तर सिल्वासासारखी जागा शोधूनही सापडणार नाही.

सर्वसामान्य वाचकाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. पशुरोगनियंत्रण म्हणजे खेड्यात येऊन लस टोचणारा माणूस, आणि मांसपरीक्षण म्हणजे शहरातल्या कत्तलखान्यात मांसावर उठणारा शिक्का, असा आपला समज. वस्तुतः हे एकाच कामाचे दोन शेवट आहेत. गोठ्यात जो रोग बाहेरून दिसत नाही तो जनावराचे पोट उघडल्यावर दिसतो. आणि कत्तलखान्यात जे दिसले त्याची खबर गोठ्यापर्यंत उलट पोहोचली नाही तर ती तपासणी फक्त त्या दिवशीच्या गिऱ्हाइकापुरती राहते, उद्या त्याच पाड्यावरून तसेच दुसरे जनावर येते. माझ्या मते आपल्याकडे या व्यवहारात जी उणीव आहे ती सुरीची किंवा शिक्क्याची नसून या उलट जाणाऱ्या खबरेची आहे.

गोवंशाच्या वधाचा प्रश्न येथे मुद्दामच बाजूला ठेवला आहे. त्यासंबंधीचे कायदे राज्याराज्यांत निरनिराळे आहेत. महाराष्ट्राने २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांचाही वध निषिद्ध केला, त्यामुळे तेथील कत्तलखान्यांचा संबंध मुख्यतः म्हैसवर्ग आणि शेळ्यामेंढ्या यांच्याशी राहिला आहे. रोग मात्र गाय, बैल, म्हैस असा भेद करीत नाहीत, म्हणून त्यांचा विचार सगळ्या पशुधनाचा मिळूनच करावा लागतो.

या विषयातले आपले सर्वांत जुने लिखित नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सूनाध्यक्ष, म्हणजे कत्तलखान्यावरील अधिकारी, याच्यासाठी तेथे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वासरू, वळू आणि दुभती गाय यांना अवध्य ठरविल्यावर तो ग्रंथकार विक्रीच्या नियमांकडे वळतो: मांस ताज्या मारलेल्या पशूचे असावे, वजनात कसूर केल्यास तुटीच्या आठपट भरपाई द्यावी, आणि नेमलेल्या जागेबाहेर मारलेल्या, शिर, पाय व हाडे नसलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस विकू नये, विकल्यास बारा पण दंड. यांतले इतर निर्बंध कोणालाही सहज समजतील, पण शिर आणि पाय यांचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न काही काळ माझ्या मनात घोळत होता. आजच्या मांसपरीक्षणाचे नियम वाचल्यावर त्याचे उत्तर मिळाले. जनावर ओळखायचे ते त्याच्या डोक्यावरून. तोंडातल्या आणि खुरांमधल्या फोडांवरून लाळ-खुरकूत कळते. दातांवरून वय कळते. जिभेवर, जबड्याच्या स्नायूंत आणि घशाजवळच्या लसिकाग्रंथींत निम्मे रोग आपली खूण ठेवतात. ज्याला काही लपवायचे आहे तो प्रथम शिर आणि पाय नाहीसे करतो. आधुनिक कत्तलखान्यात धड, डोके आणि आतली इंद्रिये एकाच जनावराची आहेत हे तपासणी पुरी होईपर्यंत ओळखता आले पाहिजे, असा जो दंडक आहे तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सूत्राहून तत्त्वतः निराळा नाही.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

जनावर आले की लगेच कापायचे नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली कत्तलखान्यांसाठी जे नियम झाले त्यांनी वधापूर्वी चोवीस तासांच्या विश्रांतीची तजवीज केली आहे. यात भूतदया आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. विसावलेल्या जनावराच्या स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. वधानंतर त्याचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होते आणि मांसाची आम्लता वाढून ते टिकाऊ बनते. ट्रकमध्ये कोंबून, उपाशीतापाशी, घाबरवून आणलेल्या जनावराचा हा साठा वाटेतच संपलेला असतो. त्याचे मांस काळपट, चिकट राहते आणि लवकर नासते. क्रूरतेची किंमत अशी शेवटी खाणाऱ्याच्या ताटात वसूल होते. याच विश्रांतीच्या काळात पशुवैद्य जनावर उभे असताना, चालत असताना, रवंथ करीत असताना पाहतो. लाळ गळते का, लंगडते का, श्वास जोराने चालतो का, नाकपुड्या कोरड्या आहेत का, ताप आहे का, गाभण आहे का. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी आणि स्वतः तीन महिन्यांहून लहान असलेले पिल्लू यांचा वध या नियमांनी निषिद्ध आहे. एका पशुवैद्याने तासाला बारांपेक्षा आणि दिवसाला शहाण्णवांपेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. बारा जनावरे तासाला, म्हणजे एकास पाच मिनिटे. हे प्रमाण ज्याने ठरविले त्याने तपासणीस हा माणूस आहे, यंत्र नव्हे, याचे भान ठेवले होते. बकरी ईदच्या दिवसांत मुंबईच्या देवनारला, १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या विस्तीर्ण पशुवधगृहाच्या आवारात लाखाहून अधिक बोकड उतरतात, तेव्हा या पाच मिनिटांचे काय होत असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

वध झाल्यावर दुसरी आणि खरी कसोटीची तपासणी सुरू होते. तपासणीसाच्या हातात एक सुरी आणि एक आकडा. म्हशीच्या जबड्याच्या बाहेरच्या व आतल्या स्नायूंना तो हाडाला समांतर लांब छेद देतो, कारण तेथे फीतकृमीच्या अळ्या तांदळाएवढ्या, पांढुरक्या पुटकुळ्यांच्या रूपाने बसलेल्या असू शकतात. जीभ बोटांनी चाचपतो. मग फुफ्फुसे हाताखाली दाबीत जातो आणि श्वासनलिकेच्या फाट्याजवळच्या ग्रंथी कापून पाहतो. त्यांत पिवळसर, चुनखडीसारखा किंवा पनीरासारखा भुगा निघाला की क्षयाचा संशय. एका इंद्रियापुरताच असेल तर तेवढा भाग बाद होतो. सर्वांगात पसरलेला असेल, तर सगळे जनावर. आपल्याकडे क्षयग्रस्त गुरे शोधून काढून मारून टाकण्याची पद्धत नसल्याने गुरांतला क्षय बहुधा येथेच, सुरीच्या टोकाशी उघड होतो. नंतर यकृत: त्याच्या पित्तनलिकेला आडवा छेद दिला आणि पानाच्या आकाराचे चपटे कृमी बाहेर आले, तर ते जनावर पाणथळ चरणीवरचे आहे असे निश्चित समजावे, कारण या कृमीच्या आयुष्याचा मधला टप्पा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत जातो. दमणगंगेचे खोरे, मधुबन धरणाचा जलाशय आणि पावसाळ्यातली तुडुंब भातखाचरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

सर्वांत शेवटी, आणि कित्येकदा सर्वांत आधी, पाहायची ती पाणथरी. ती निरोगी असेल तर चपटी, कडा धारदार, रंगाने निळसर-तांबूस. ती दुप्पट-तिप्पट सुजलेली, आतला गर डांबरासारखा काळा व पातळ, आणि रक्त न गोठलेले असे दिसले की अनुभवी तपासणीस सुरी खाली ठेवतो, दार बंद करवतो आणि काम तहकूब करतो. ती फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लक्षणे असतात.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की त्याचे जंतू बंद शरीरात फार काळ टिकत नाहीत. परंतु शरीर उघडले, रक्ताला हवा लागली की ते कवच धारण करून बीजाणू बनतात, आणि असे बीजाणू जमिनीत दशकानुदशके जिवंत राहतात. म्हणून एरव्ही धडधाकट दिसणारे जनावर अचानक मेले, नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त आले, अंग ताठ झाले नाही, तर ते फाडायचे नाही, सोलायचे नाही, चिरफाड करून ‘पाहायचे’ तर मुळीच नाही. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, हा नियम आहे. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये या जंतूचे जीवनचक्र उलगडले, पाश्चरने १८८१ मध्ये त्याच्या लसीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. रोगाचे रहस्य सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत असूनही जेथे दारिद्र्य आहे, जेथे मेलेले जनावर टाकून देणे म्हणजे घरचे अन्न टाकून देणे ठरते, तेथे तो अजून माणसे मारतो. हा दोष अज्ञानाचा म्हणून सहज निकालात काढता येतो. पण मेलेल्या बैलाची नुकसानभरपाई ज्याला वेळेवर मिळत नाही त्याला विज्ञान शिकविण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

सुरीच्या तपासणीलाही मर्यादा आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रॉबर्ट फॉन ओस्टरटाग यांच्यासारख्या पशुवैद्यांनी ती शास्त्रशुद्ध केली आणि १९०० मध्ये तेथे तिचा कायदा झाला. १९०६ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांवरील अप्टन सिंक्लेरच्या कादंबरीने उठविलेल्या गदारोळात अमेरिकेचा कायदा आला. त्या काळचे शत्रू, म्हणजे क्षय, फीतकृमी, पुवाच्या गाठी, हे डोळ्यांना दिसणारे होते. आज ज्यांची धास्ती अधिक आहे ते सॅल्मोनेला किंवा ई-कोलायचे काही वाण निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या आतड्यात राहतात, त्यांची कोठे गाठ दिसत नाही, आणि ग्रंथी कापणारी सुरीच त्यांना एका धडावरून दुसऱ्यावर नेऊ शकते. म्हणून प्रत्येक छेदानंतर सुरी ८२ अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात बुडवावी असा दंडक आला, आणि युरोपात तर काही जनावरांच्या बाबतीत छेद न देता केवळ पाहून तपासणी करण्याकडे कल वळला. शिक्क्याचा अर्थ ‘या मांसात जंतू नाहीत’ असा नसतो. ‘जाणत्या माणसाने हे जनावर जिवंत आणि मेलेले, दोन्ही वेळा पाहिले आहे’ एवढाच असतो. तेवढाही पुष्कळ असतो.

आता मुख्य अडचणीकडे येतो.

वर सांगितलेले २००१ चे नियम नगरपालिकेच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर वध करण्यास मनाई करतात. परंतु त्याच नियमांत कत्तलखान्याची जी व्याख्या आहे ती दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापली जाणाऱ्या जागेची. अन्नसुरक्षेच्या परवान्यांच्या विनियमांत पुन्हा वेगळी पायरी आहे: दिवसाला दोन मोठी जनावरे, किंवा दहा लहान, किंवा पन्नास कोंबड्या यांच्या आतला व्यवसाय हा क्षुद्र व्यवसाय, त्याला परवाना नको, नुसती नोंदणी पुरे. आता लाखाच्या आसपास वस्तीचे एखादे औद्योगिक शहर डोळ्यांपुढे आणा. सिल्वासा तसेच आहे. पोर्तुगीज काळातले हे लहानसे ठाणे कारखान्यांमुळे फुगले, बिहार-उत्तर प्रदेशापासून ओडिशापर्यंतचे कामगार येऊन राहिले, आणि २०११ च्या खानेसुमारीत निम्म्याहून किंचित अधिक आदिवासी असलेल्या या प्रदेशाची लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांवर गेली. अशा कोणत्याही शहरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, बोकड दुकानाच्या मागच्या बाजूला कापला जातो, आणि एकेका दुकानाचा हिशेब दोन-चार बोकडांच्या पुढे जात नाही. मोठ्या कत्तलखान्यावर पशुवैद्य असतो, नोंदवही असते, पंचनामा होऊ शकतो. चार बोकडांच्या दुकानाला यांतले काहीच परवडत नाही, आणि शहरातल्या मटणाचा फार मोठा भाग तर अशाच दुकानांतून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांना कत्तलखान्यांच्या देखरेखीसाठी समित्या नेमायला लावल्या, त्यांची नजर साहजिकच मोठ्या जागांवर राहिली.

या मागच्या बाजूला काय घडते याचा एकच दाखला देतो, कारण तो देशभर कोठेही डोळ्यांनी पाहता येतो. बोकडाच्या फुफ्फुसावर किंवा काळजावर कधीकधी लिंबाएवढी, पाण्याने भरलेली, पांढरट पुटी असते. गिऱ्हाईक ती घेत नाही. खाटीक तो तुकडा कापून दाराशी ताटकळलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. त्याच्या दृष्टीने तो स्वच्छताच करीत असतो. त्या पुटीत एका बारीक फीतकृमीची शेकडो डोकी असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत, गवतावर, भाजीवर पसरतात, तेथून ती शेळीच्या पोटात जाऊन तिच्या फुफ्फुसात नवी पुटी तयार होते. आणि तीच अंडी त्या गल्लीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात गेली तर काही वर्षांनी त्याच्याही यकृतात ती गाठ वाढते, जी शस्त्रक्रियेवाचून सहसा निघत नाही. बाद केलेला तुकडा कुत्र्याला न घालता बंद डब्यात टाकून नष्ट करणे, एवढ्या एका कृतीने हे चक्र तुटते. यासाठी ना मोठे यंत्र हवे, ना पदवी. पशुवैद्यकातली इतकी स्वस्त लस दुसरी नाही, आणि इतकी दुर्लक्षितही नाही.

रोगाची खबर वर-खाली फिरली तर काय होऊ शकते, याचा आपल्याच इतिहासात एक थोर दाखला आहे. बुळकांडी म्हटले की जुन्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या अंगावर काटा येत असे. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, रक्ती जुलाब आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. या आणि इतर साथींची चौकशी करण्यासाठी मुंबई सैन्यातले पशुवैद्य हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ मध्ये पुण्यात साम्राज्याची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. दाट वस्तीत असले संसर्गजन्य जंतू ठेवणे धोक्याचे म्हणून ती १८९३ मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलविली गेली आणि तीच पुढे भारतीय पशुवैद्यक अनुसंधान संस्था झाली. तेथे १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९५४ मध्ये, म्हणजे नगर हवेली मुक्त झाली त्याच वर्षी, देशव्यापी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. कोट्यवधी गुरे टोचली गेली, पण नुसत्या टोचण्याने रोग गेला नाही. अखेरच्या टप्प्यात गावोगाव जाऊन, गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर बसून, ‘असे आजारी जनावर पाहिले का’ हे विचारीत फिरणारी माणसे लागली, आणि पुढे तर लस थांबवून, रोग खरोखर नाही हे सिद्ध करण्याचे धाडस करावे लागले. १९९५ मध्ये तमिळनाडूत त्याचा शेवटचा उद्रेक झाला, २००६ मध्ये भारत मुक्त ठरला, आणि २०११ मध्ये सगळे जग. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग.

बुळकांडीच्या मानाने आजची साथ अधिक चतुर आहे. लाळ-खुरकुताच्या विषाणूचे अनेक प्रकार, त्यांच्याविरुद्ध जनावरात येणारी प्रतिकारशक्ती अल्पजीवी, म्हणून २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लस द्यावी लागते. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच दिली जाते. लाळ-खुरकुताचा मांसाशीही एक मनोरंजक संबंध आहे. वधानंतर थंड जागेत मुरलेल्या मांसाची आम्लता त्याचा विषाणू मारते, पण हाडांच्या मगजात आणि लसिकाग्रंथींत ती आम्लता पोहोचत नाही; म्हणून भारतातून परदेशी जाणारे म्हशीचे मांस हाडे आणि ग्रंथी काढून पाठविले जाते. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी काळजी घेतली जाते तिचा दशांश तरी कोपऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला मिळावा, एवढे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

२०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातून लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात झपाट्याने पसरला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, सप्टेंबरात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली गेली आणि गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये भरपाई देण्यात आली. तो रोग माणसाला होत नाही. तरीही अफवांनी दुधाचा धंदा काही काळ बसविला. त्या धामधुमीत एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली, की कोणते जनावर कोठून कोठे गेले हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते.

त्यावरचा उपाय जनावराच्या कानात आहे. बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला कानाला लावायचा, त्या क्रमांकावर मालक, गाव, लस यांची नोंद संगणकावर ठेवायची. महाराष्ट्राने १ जून २०२४ पासून बिल्ल्याविना जनावरांच्या खरेदीविक्रीस व वाहतुकीस मज्जाव केला. ही योजना चांगली आहे, पण तिचा शेवटचा धागा जोडला गेल्याखेरीज तिला पूर्णता नाही. कान डोक्याबरोबर जातो, आणि डोके कत्तलखान्यात पहिल्यांदा धडावेगळे होते. तो क्रमांक डोके दूर जाण्याआधी उतरून घेतला गेला, आणि त्याच्यापुढे ‘यकृतात कृमी’, ‘ग्रंथीत क्षयाचा संशय’, ‘फुफ्फुसात पुटी’ अशी एक ओळ लिहून ती त्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे रवाना झाली, तर तलासरीच्या पाड्यावर कृमिनाशक औषध कोणत्या महिन्यात द्यायचे याचा निर्णय सिल्वासातल्या सुरीवरून घेता येईल. केंद्रशासित प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र या तिघांच्या दप्तरांनी एकमेकांशी बोलण्याची मात्र तयारी हवी. संसर्गजन्य पशुरोगांसंबंधीचा २००९ चा केंद्रीय कायदा रोगाची खबर देणे हे मालकाचे, ग्रामपंचायतीचे आणि पशुवैद्याचे कर्तव्य ठरवितो. तेव्हा अधिकाराची वाण येथे नाही.

वाचकांपैकी जे मांसाहार करतात त्यांना एक विनंती. दुकानात धडावरचा शिक्का विचारा. तो नसेल तर निदान काळीज-फुफ्फुस डोळ्यांसमोर कापून दाखवायला सांगा, आणि त्यात पुटी किंवा गाठी निघाल्या तर तो तुकडा कुत्र्यापुढे पडणार नाही इतके पाहा. आणि ज्यांच्या दारात गुरे आहेत त्यांनी, जनावर अचानक मेले तर ते फाडण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६२ हा क्रमांक विनामूल्य आहे.